कोकणच्या पावसात कुत्र्याला फिरवायचं कसं

बर्फ पडणाऱ्या देशांत कुत्रा फिरवणाऱ्यांना सांगतात: पंजांना मेण लावा, अंगात स्वेटर घाला, रस्त्यावर पसरलेलं मीठ घरी आल्यावर पायांवरून धुऊन काढा. यातलं शेवटचं तेवढं कोकणात लागू पडतं. फक्त मिठाच्या जागी पाखाडीवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांच्या वाटेवर, शेवाळ जावं म्हणून टाकलेली ब्लीचिंग पावडर असते. बाकी सगळं उलटं. पावसाळ्यात इथलं तापमान २४ ते ३० अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे धडधाकट कुत्रा गारठण्याची भीती फारशी नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात कोसळतो. तो अंगावर पडला म्हणून कुत्रा आजारी पडत नाही. आजार येतो तो जमिनीवर साचलेल्या पाण्यातून आणि घरी आल्यावर न वाळलेल्या अंगातून. म्हणून इथे रेनकोटबद्दल थोडं आणि वाट व पंचा यांबद्दल बरंच.

मृगाच्या आधी

मृग ७-८ जूनला लागतो. लसींचं कार्ड मात्र मेच्या पहिल्या आठवड्यातच काढून बघा. रेबीजची लस बहुतेक जण विसरत नाहीत, लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टो या आजाराची, विसरतात. नेहमीच्या एकत्रित लसीत लेप्टोचा भाग असतोच असं नाही, तेव्हा डॉक्टरांना थेट विचारा. पहिल्यांदाच देत असाल तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, पुढे दरवर्षी एक. हे गणित मेमध्ये सुरू केलं तरच पेरण्यांपर्यंत पूर्ण होतं. वर्ष उलटून गेलं असेल तर जुन्या लसीच्या भरवशावर राहू नका.

गोचिडांचं औषधही तेव्हाच सुरू करा. मानेवर थेंब सोडायचं औषध असेल तर त्याच्या आधी आणि नंतर दोन दिवस अंग भिजवायचं नसतं. जुलैमध्ये असे सलग चार कोरडे दिवस मिळणं कठीण, म्हणून पावसाळ्यापुरती तोंडाने द्यायची गोळी बरी पडते. ती वजनावर ठरते, त्यामुळे डॉक्टरांकडे आधी कुत्र्याचं वजन करून घ्या. घरात मांजर असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कुत्र्याला चालणारं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेततं. औषध लावलेल्या कुत्र्याला चिकटून झोपणारं मांजरही त्यात आलं.

तिसरं काम पंजांचं. गाद्यांच्या मधून बाहेर आलेले केस गादीच्या पातळीपर्यंत बोथट टोकाच्या कात्रीने कापा. हे केस चिखल धरतात, त्याचे गोळे होतात आणि ओल्या कातळावर पाय घसरतो. नखंही बघा. सपाट जमिनीवर उभं असताना नखं टेकत असतील तर ती वाढली आहेत.

काय घ्यावं, काय घेऊ नये

पट्टा नायलॉनचा, सव्वा ते दीड मीटर लांब. चामड्याचा पट्टा या हवेत आठवड्याभरात बुरशी धरतो. गुंडाळला जाणारा लांब पट्टा पावसाळ्यात मुळीच नको. त्याची दोरी चिखलाने अडकते आणि कुत्रा आठ-दहा फूट पुढे गवतात गेला की तिथे काय आहे ते तुम्हाला दिसत नाही. कडी पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची घ्या. खाऱ्या हवेत साधी कडी आतून गंजते आणि ऐन ओढीला सुटते. महिन्यातून एकदा तिची स्प्रिंग दाबून बघा, आत तांबूस भुकटी दिसली की बदला.

छत्री घरी ठेवा. एका हातात पट्टा, दुसऱ्यात काठी आणि वारा अंगावर, त्यात छत्री कुठे धरणार? रेनकोट तुम्ही घाला. कुत्र्याला घालायचाच असेल तर फक्त पाठ झाकणारा, पोट मोकळं ठेवणारा. हवेत दमटपणा इतका असतो की धापा टाकूनही कुत्र्याचं अंग लवकर थंड होत नाही. त्यात वरून प्लॅस्टिक पांघरलं की आत वाफ कोंडते. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना पावसाळ्यातही ऊष्माघात होऊ शकतो, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. रेनकोटचा खरा उपयोग पिल्लांना, म्हाताऱ्या कुत्र्यांना आणि आखूड केसांच्या लहान जातींना.

पायात बूट नकोत. आत पाणी शिरतं, पंजा भिजत राहतो आणि ओल्या जांभ्यावर जमीन नखांनी धरायची सोयही जाते.

सोबत टॉर्च, साडेतीन-चार फुटी काठी, विष्ठेसाठी दोन पिशव्या आणि कागदात बांधलेलं चिमूटभर मीठ. मीठ जळवांसाठी.

वाट पायांनी आधी बघून ठेवा

पावसाळ्यासाठी वेगळी वाट ठरवावी लागते. उन्हाळ्यातली सड्यावरची (जांभ्याच्या उघड्या माळावरची) किंवा बागेतली वाट चार महिने सोडून द्या आणि एखादी उघडीप बघून, कुत्र्याशिवाय, नवीन वाट एकदा चालून या.

पहिली अडचण पाखाडीची. जांभ्याच्या पायऱ्यांवर पंधरा दिवसांत शेवाळ धरतं. काळसर हिरवी, चकाकणारी पायरी टाळायची. खरखरीत, तांबडी दिसणारी पायरी चालते. चढताना कुत्रा सहसा घसरत नाही, उतरताना घसरतो, कारण त्याचा बराच भार पुढच्या पायांवर येतो आणि तुम्ही मागून पट्टा ओढून धरल्याने त्याचा तोल आणखी जातो. उतरताना पट्टा सैल ठेवा, कुत्र्याला आपल्या बाजूला घ्या आणि एकेक पायरी थांबत उतरा. वजनदार लॅब्राडॉर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर लांब पाखाडी टाळून डांबरी रस्त्याने वळसा घेतलेला परवडतो. अशा कुत्र्यांचे गुडघे आणि खुबे तसेही नाजूक. एक वेडीवाकडी उडी पुरते.

गावात कुणी पायऱ्यांवर ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर वास येतोच. त्या दिवशी ती वाट नको. पाय पडलाच तर घरी पोचण्याची वाट न बघता जवळच्या नळावर पंजे धुवा, नाहीतर कुत्रा ते चाटतो आणि तोंड पोळतं.

दुसरी अडचण बागांची. सुपारीला कोळेरोग लागू नये म्हणून पावसाच्या तोंडावर बोर्डो मिश्रण फवारतात आणि पुढे उघडीप मिळेल तसं पुन्हा. एक टक्का मिश्रण म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. झाडाखाली गळलेलं निळसर पाणी डबक्यात उतरतं आणि तहानलेला कुत्रा तेच पितो. तांबं पोटात गेलं की उलट्या होतात, प्रमाण जास्त असेल तर यकृतावर येतं. फवारणीनंतर निदान आठवडाभर त्या बागेतून नेऊ नका आणि निघण्याआधी घरीच पोटभर पाणी पाजा. लावणीच्या दिवसांत शेताच्या बांधावर युरियाची फाटकी गोणी, दाणेदार कीटकनाशक, उंदरांसाठी ठेवलेली औषधी वडी यांतलं काहीही पडलेलं असतं. बांधावर कुत्रा तोंड खाली घालून चालत असेल तर पट्टा आखूड करा.

वारा असेल तेव्हा माडाखालून जाऊ नका. नारळ पडतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण ओली झावळीही जड असते आणि न सांगता येते.

आता विजेचे खांब. कुत्र्याला खांब दिसला की तिथे थांबायचंच असतं, आणि पावसाळ्यात नेमकं तेच नको. ओल्या जमिनीत वीज उतरत असेल तर ती पायांमधल्या अंतरातून शरीरात जाते. कुत्र्याचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब, पाय अनवाणी आणि ओले, मधे छाती. तुमच्या रबरी चपलेला जे कळणार नाही ते त्याला भोवतं. खांब, त्याच्या ताणाची तार, ट्रान्सफॉर्मरचं कुंपण आणि रस्त्यावरच्या दिव्यांच्या पेट्या यांच्यापासून दोन-तीन मीटर लांबून चाला. कुत्रा एका ठिकाणी एकदम किंचाळून उडी मारून मागे आला आणि पुढे यायला तयार नसेल, तर त्याला ओढू नका. आल्या वाटेने मागे फिरा, महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवा आणि शेजाऱ्यांना त्या जागेपासून दूर ठेवा. तुटलेली तार दिसली तर तिच्याजवळच्या पाण्यात पाय घालायचा नाही. पट्टा हातात असताना कुत्रा पडला तरीसुद्धा नाही. पट्टा सोडा, मागे व्हा आणि आधी वीज बंद करवून घ्या.

साचलेलं पाणी

लेप्टोचे जंतू उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून पाण्यात येतात आणि चिखलात आठवडेच्या आठवडे टिकतात. कातडीवरची बारीकशी चीर, ओला होऊन मऊ पडलेला पंजा किंवा तोंड, एवढी वाट त्यांना पुरते. चिखलणी केलेलं शेत, गोठ्यामागचं डबकं, तुंबलेलं गटार या जागा पूर्ण वर्ज्य. वाहता पऱ्या (ओढा) त्या मानाने कमी धोक्याचा, पण त्याला ओढ असते; घोट्याच्या वर पाणी असेल तर कुत्र्याला उतरवू नका, आणि वर डोंगरात पाऊस चालू असेल तर पाणी कितीही कमी दिसो, पलीकडे जाऊ नका. लोंढा वरून येतो, तुमच्याकडे ऊन असतानासुद्धा.

पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत ताप, खाणं सोडणं, उलट्या, पाय आखडून चालणं, लघवीत अचानक फरक, डोळे किंवा हिरड्या पिवळ्या यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि कुत्रा कुठल्या पाण्यात गेला होता ते सांगा. लेप्टो माणसालाही होतो. अशा कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच साफ करायची आणि घरात कुणाला ताप आला तर आपल्या डॉक्टरांनाही कुत्र्याचं सांगायचं.

बाकी डबक्यांच्या काठी भेक, म्हणजे खरखरीत कातडीचे बेडूक, असतात. कुत्र्याने भेक तोंडात धरला की त्याच्या पाठीवरच्या ग्रंथींतलं विष हिरड्यांना लागतं आणि तोंडाला फेस येतो. डोकं खाली झुकवा आणि गालाच्या बाजूने, घशात जाणार नाही असं, पाच-दहा मिनिटं पाणी सोडत तोंड धुवा. ओल्या फडक्याने हिरड्या पुसा. फेस थांबला नाही, तोल जाऊ लागला किंवा झटके आले तर थांबू नका, निघा.

साप

पाऊस पडला की बिळांत पाणी शिरतं आणि साप गडग्यांत (दगडी कुंपणांत), लाकडाच्या राशीत, पडवीच्या कोपऱ्यात येतात. कोकणात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही आहेत. फुरसं विशेषतः सड्यावर, सुट्या दगडांखाली. वीतभर-दीड वीत लांबीचं, रंग जांभ्यात मिसळणारा, त्यामुळे दिसत नाही. डिवचलं की वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढतं. कुत्रा नाक घालून हुंगतो, म्हणून चावा बहुतेक वेळा तोंडावर किंवा पुढच्या पायावर बसतो.

गडग्याला घासून न चालता वाटेच्या मधून चाला, काठी जमिनीवर आपटत. सापाला तो हादरा कळतो. कुत्रा एखाद्या फटीकडे कान टवकारून गोठल्यासारखा उभा राहिला की त्याला हाक मारत बसू नका, पट्ट्याने मागे घ्या.

चावलाच तर कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या; धावला तर विष लवकर पसरतं. गळ्यातला पट्टा आणि हार्नेस काढा, कारण सूज मानेपर्यंत येते. बांधणं, कापणं, चोखणं, पाला चोळणं यातलं काहीही नको. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही नकोत, आयबुप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याला स्वतंत्रपणे विषारी आहे. साप मारायला थांबू नका. लांबून फोटो मिळाला तर घ्या. माणसांना देतात तेच प्रतिसर्पविष या चारही सापांवर चालतं आणि कुत्र्यालाही तेच देतात, पण ते प्रत्येक दवाखान्यात नसतं. म्हणून आजच, साप दिसण्याआधी, तालुक्याच्या दोन-तीन पशुवैद्यकांना फोन करून कुणाकडे साठा असतो ते विचारून नंबर दाराच्या मागे लिहून ठेवा.

वेळ कुठली

पहाटेच्या अंधारात आणि तिन्हीसांजेनंतर नको. सड्याला किंवा जंगलाला लागून वाडी असेल तर बिबट्याला कुत्रा हे सोपं भक्ष्य आहे, आणि पावसाच्या आवाजात त्याची चाहूल ना कुत्र्याला लागते ना तुम्हाला. रानाच्या कडेला रानडुकरांसाठी लावलेले फासेही असतात. सकाळी साडेसहानंतर आणि संध्याकाळी सहाच्या आत अशा दोन फेऱ्या, प्रत्येकी १५ ते २० मिनिटं. एक तासाच्या मोठ्या फेरीपेक्षा हे बरं, कारण दोन सरींमध्ये तेवढीच फट मिळते.

हवामान खात्याचा इशारा बघूनच निघा. त्यांच्या मोजणीत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे मुसळधार आणि २०४.४ च्या पुढे अत्यंत मुसळधार, ही सगळ्यात वरची पायरी. रेड अलर्टच्या दिवशी फेरी नाही, फक्त नैसर्गिक विधीपुरतं बाहेर. विजांचा खेळ मेअखेरीस आणि हस्ताच्या पावसात जास्त. वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. परत फिरा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप फोनवर असू द्या.

भाद्रपदात नर कुत्र्यांचं डोकं ठिकाणावर नसतं, गावातल्या कुत्र्यांच्या झुंजी लागतात. आज्ञाधारक म्हणून मोकळा सोडलेला कुत्राही या महिन्यात पट्ट्यालाच हवा. झुंजीत चावा बसला तर जखम १५ मिनिटं साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि लस घेतलेली असली तरी डॉक्टरांना दाखवा.

पुळणीवर (समुद्रकाठच्या वाळूवर) जायचंच असेल तर

भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब अजून उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. त्या सुमारास, दुपारी आणि उत्तररात्री, पूर्ण भरती. तिथून सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी दहाच्या आसपास. हे अंदाजाचं गणित, तासभर इकडेतिकडे धरा. ओहोटीच्या आधीचा दीड तास ही चांगली वेळ. पाणी उतरतं असतं आणि वाळू घट्ट असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, त्यात वारा समुद्राकडून असेल तर, पुळण नकोच.

पावसाळ्यात लाटा बरंच काही आणून टाकतात. निळा, फुग्यासारखा दिसणारा ब्लू बॉटल किनाऱ्यावर मेलेला पडला तरी त्याचे धागे डंख करतात. फुगलेला केंड मासा विषारी असतो, मेल्यावरही. जाळ्याच्या तुकड्यात गळ अडकलेले असतात. गळ ओठात घुसला तर उलटा ओढू नका, त्याच्या आकडीने मांस फाटतं. डॉक्टर तो पुढे ढकलून, आकडी कापून काढतात. कुत्र्याला खारं पाणी पिऊ देऊ नका आणि गोडं पाणी बरोबर न्या.

घरी आल्यावरची पंधरा मिनिटं

इथे कंटाळा करणाऱ्यांचेच कुत्रे ऑगस्टमध्ये कान झटकत आणि पंजे चाटत बसतात.

कुत्र्याला खळ्यातच (घरापुढच्या अंगणात) थांबवा, पडवीत घेऊ नका. गुडघ्यांपासून खाली चारही पाय आणि पोट साध्या पाण्याने धुवा. प्रत्येक पंजाची बोटं अंगठ्याने फाकवून आतला चिखल काढा. खडा, काटा, जळू तिथेच सापडते. डेटॉलचं पाणी नको, ते कातडीला झोंबतं आणि कुत्रा ते चाटतो. पंजे लालसर झाले असतील तर पोव्हिडोन आयोडिन पाण्यात फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून त्यात दोन-तीन मिनिटं पंजा बुडवा आणि न धुता कोरडा करा.

मग पंचा. जाड टर्किश टॉवेल पावसात दोन दिवस वाळत नाही आणि त्याला वास येतो. सुती पंचा पाणी चटकन ओढतो, पिळला की पुन्हा वापरता येतो आणि चुलीवरच्या दांडीवर तासाभरात वाळतो. दोन पंचे ठेवा. पहिल्याने अंगावरचं पाणी केसांच्या दिशेने निपटून घ्या. दुसऱ्या, कोरड्या पंचाने उलट दिशेने चोळा, कारण ओल केसांच्या मुळाशी राहते. दाट दुहेरी केसांचा कुत्रा वरून कोरडा वाटतो आणि आत भिजलेलाच असतो. बोटांची मागची बाजू केसांत घालून बघा, गार लागलं तर ओला आहे. शेपटीचं मूळ, काखा, जांघा, गळपट्ट्याखालची मान, या जागा सुटतात. शेवटी बोटांच्या बेचक्या पुन्हा एकदा कोरड्या. मग अर्धा तास पंख्याखाली. गळपट्टा घरात काढूनच ठेवा. टाल्कम पावडर टाकू नका; ओलीत तिचा लगदा होतो आणि त्याखाली कातडी कुजते.

लोंबत्या कानांचा कुत्रा असेल तर कान उलटून आतला दिसणारा भाग कोरड्या कापडाने पुसा. कानात काडी किंवा तेल घालू नका. आंबूस वास किंवा तपकिरी मळ आला की डॉक्टर.

गोचीड रोज शोधायची: कानाच्या आत, बोटांमध्ये, शेपटीखाली. चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढा. रॉकेल, पेटती काडी यांनी ती आणखी लाळ सोडते आणि रोग आत जातो. काढलेली गोचीड चिरडू नका, साबणाच्या पाण्यात टाका. मादी अंडी घालायला भिंतीवर चढते, त्यामुळे जांभ्याच्या चिऱ्यांच्या फटी झाडल्याशिवाय कुत्र्यावरचे उपाय पुरे पडत नाहीत. जळू ओढू नका; मीठ टाका, ती आपसूक सुटते. जखम थोडा वेळ वाहत राहते, घाबरू नका, कापडाने दाबून धरा. नाकात शिरली असेल तर स्वतः प्रयोग नकोत.

झोपायला गोणपाट देत असाल तर रोज बदलायचं. त्यापेक्षा जमिनीपासून सहा इंच उंच फळी आणि वर सुती चादर चांगली.

झड लागली की

तीन-तीन दिवस उघडीप नसली तरी विधीसाठी बाहेर न्यावंच लागतं. वळचणीपलीकडे, पागोळ्या पडणार नाहीत अशी दहा फूट जागा पत्र्याखाली ठेवा, तिथे रेव टाका आणि उन्हाळ्यातच त्या जागेची सवय लावा. ऐन आषाढात नवीन जागा शिकवायला गेलात तर कुत्रा दिवसभर रोखून धरतो आणि रात्री पडवीत मोकळा होतो. विष्ठा पऱ्यात किंवा विहिरीच्या उताराला टाकू नका. पिशवीत बांधा किंवा विहिरीपासून लांब, खालच्या अंगाला खड्डा करून पुरा. चालणं बुडालं तर नाकाला काम द्या: पडवीत पाच-सहा गोण्यांखाली भाकरीचे सुके तुकडे लपवून शोधायला लावा. दहा मिनिटांत कुत्रा शांत बसतो. त्या दिवसांत जेवण मात्र थोडं कमी करा.

ऑक्टोबरात पाऊस गेला की हे नियम बदलतात. सड्यावरचं गवत वाळतं आणि त्याची कुसळं बोटांच्या बेचकीत, कानात, डोळ्याच्या कडेला शिरतात. कुसळ एकाच दिशेने पुढे सरकतं, मागे येत नाही. तेव्हा पंचा खुंटीवर गेला तरी बोटं फाकवून बघायचं काम दिवाळी उलटेपर्यंत चालू ठेवा, आणि फेरीनंतर कुत्रा डोकं एकाच बाजूला झुकवून झटकत असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता कान दाखवून या.